राधा बोलत नाही

"तात्या, यंदा साडी बाहेर काढू नका," वसंत रेवाळे म्हणाला, आणि माझ्याच पडवीत बसून माझ्याच हातचा चहा बशीत ओतून त्यानं फुर्रकन ओढला.

मी तेव्हा साडीच उन्हात टाकत होतो. शिमगा जवळ आला की ती पेटीतून काढायची, डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत दांडीवर ठेवायची, अशी माझी रीत होती. हिरवी नऊवारी. शेजारी खुंटीला गंगावन आणि खाली पितळी घुंगरं.

"का रे? साडीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"साडीनं नाही हो. मंडळाचं ठरलंय. यंदा राधा म्हणून मुंबईहून मुलगी आणतोय. ऑर्केस्ट्रात नाचते. खरी मुलगी."

"म्हणजे मी इतकी वर्षं खोटा नाचलो काय?"

वसंतनं बशी खाली ठेवली. तो मुंबईला गिरगावात नोकरीला, आमच्या खेळ्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. फक्त मुंबईहून येताना दरवर्षी एक नवीन खूळ घेऊन यायचा.

"तात्या, राग मानू नका. पोरं मोबाइलवर शूटिंग करतात नि हसतात. पन्नाशीला आलेली राधा, तोंडाला पावडर, खाली मिशीची निळी रेघ. बरं दिसतं का ते?"

खरं होतं ते. म्हणूनच झोंबलं.

आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते, आणि पालखीच्या पुढे खेळे नाचतात. मृदंग, झांजा, काळ्या कपड्यातला संकासुर आणि राधा. राधा म्हणजे बाप्याच, साडी नेसलेला पुरुष. मिसरूड फुटलं तेव्हापासून मी राधा होतो. वर्षभर धाकू पाष्टे, भात लावणारा, काजू वेचणारा, कुणी विचारत नाही असा. शिमग्यात मात्र घरोघरी माझी वाट बघायचे.

"ठीक आहे," मी म्हणालो. "नाच तिला द्या. ओटी मला राहू दे."

वसंत हसायलाच लागला. राधेची ओटी भरतात आमच्याकडे. खेळे घरापुढच्या खळ्यात आले, नाचून झालं, की घरची बाई सूप घेऊन पुढे येते. राधा म्हणजे माहेरवाशीण, असं धरतात. तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालायचा, कपाळाला कुंकू लावायचं, मग पालखी पुढच्या घरी.

"अहो तात्या, पँट-शर्टातल्या बाप्याची ओटी कोण भरणार? आणि नारळांचंच असेल तर मंडळ पोतं आणून टाकेल तुमच्या दारात."

"नारळ नकोत मला."

"मग काय पाहिजे?"

आता काय सांगू त्याला? "चहा पी तुझा, गार होतोय," म्हटलं, आणि साडी दांडीवरून काढून पेटीत टाकली. नीट घडीसुद्धा केली नाही.

मी एकटा माणूस. आई गेली, भाऊ डोंबिवलीला गेला तो तिकडचाच झाला. लग्नाचं म्हणाल तर एकदा पाहुणे आले होते. मुलीच्या मामानं पोहे खाल्ले, पेटीवर ठेवलेलं गंगावन बघितलं आणि म्हणाला, "आमच्या पोरीची नि जावयाची एकाच साडीवरून भांडणं व्हायची." सगळे हसले. मीही हसलो. नंतर कुणी आलं नाही, आणि मीही कुणाच्या दारी गेलो नाही. संध्याकाळी भाकरी करायची, एकट्यानं खायची, भांडं घासून पालथं घालायचं. बोलायला घरात कोण? मांजर होतं, तेही वरच्या वाडीत राहायला गेलं.

मुलगी आली ती दुपारच्या एसटीनं. सुवर्णा तिचं नाव. पाठीला बॅग, केस वर बांधलेले, पायात पांढरे बूट. वसंत तिला घेऊन थेट माझ्या खळ्यात आला.

"तात्या, हिला जरा आपली पद्धत दाखवा. कुठल्या घरी काय करायचं, मान कुणाचा आधी. बाकी नाच तिला येतो."

"येतो तर मग मी काय दाखवू?" मी म्हटलं.

पण पोरगी वाकली आणि माझ्या पाया पडली. आता पाया पडणाऱ्यावर डाफरणार कसं? वसंत गेला. मी तिला पाणी दिलं, गूळ दिला.

"बघू, नाच."

तिनं मोबाइलवर गाणं लावलं आणि खळ्यात उभी राहिली. बापरे! कंबर काय, खांदे काय, एक पाय इकडे, एक हात तिकडे, मध्येच बोट दाखवून डोळा मिचकावायची. मग पाय घसरला. खळं मी सकाळीच सारवलं होतं, अजून ओलसर होतं.

"इथे ग्रिप नाही तात्या."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं.

ती रागावली नाही. खो खो हसली, बूट काढून टाकले आणि म्हणाली, "मग तुम्ही दाखवा."

मी उठलो. साडी नाही, घुंगरू नाही, लेंगा घातलेला. पदर धरल्यासारखा हात कपाळाशी नेला आणि पाऊल सरकवलं. राधेनं पाऊल उचलायचं नसतं. सोनूदादा, ज्यांनी मला शिकवलं, ते म्हणायचे, सारवलेल्या खळ्यावर पावलाची रेघ उमटली पाहिजे. खेळे पुढे गेले तरी त्या घरच्या बाईला राधा कुठून कशी फिरली ते मागे दिसलं पाहिजे.

सुवर्णा खाली वाकून त्या रेघा बघत राहिली.

"किती स्लो आहे हो हे."

"हे स्लो? सोनूदादांच्या आधीची राधा म्हणे जागची हलायचीच नाही. नुसती मान आणि मनगट. सोनूदादांनी तिला चालती केली, तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यांना शिव्या घातल्या. मग मी आलो. मी तालुक्याला तमाशा बघितलेला, डोक्यात वारं शिरलेलं. मी राधेला गिरकी घ्यायला लावली. पहिल्यांदा गिरकी घेतली तेव्हा सोनूदादा बांधावर जाऊन पाठ फिरवून बसले. म्हणाले, राधेला भोवळ आली वाटतं, कुणीतरी कांदा हुंगवा."

ती हसता हसता खाली बसली. मीही हसलो. पण सोनूदादा त्या दिवशी जेवले नव्हते, हे तिला सांगितलं नाही.

"म्हणजे आता पाठ फिरवून बसायची पाळी तुमची," ती म्हणाली.

पोरगी तिखट होती. खोटं कशाला बोलू, मला आवडली.

दोन दिवस ती यायची. मी सगळं सांगितलं. मान पहिला पारूकाकीच्या घरचा, तिथे नाचल्याशिवाय पालखी पुढे जात नाही. देवाकडे पाठ करायची नाही. राधा खळ्यात बोलत नाही, मुकी असते, कितीही कुणी चिडवलं तरी.

"मला जमायचं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे तर माइक घेऊन ओरडायला लागतं, हात वर करा म्हणून."

"इथे नुसती मान हलवायची. बाई ओटी भरताना काहीतरी विचारते. तेव्हा पदर पुढे धरायचा आणि मान हलवायची. बास."

"काय विचारते?"

मी झांजेची दोरी सोडवत बसलो. दोरीला गाठ नव्हतीच.

"सांगा ना तात्या, काय विचारते?"

"तेव्हा कळेल," मी म्हटलं. "मान हलवली की झालं."

त्या संध्याकाळी भिकाजी आला. भिकाजी आमचा मृदंगवाला, माझ्याच वयाचा. त्याच्या थापेवर मी जन्मभर नाचलो. त्याला कळलं होतं की यंदा रिक्षावर स्पीकर बांधून आणणार आहेत.

"माझ्या मृदंगाचं काय करू रं धाकू? पापड वाळत घालू त्याच्यावर?"

"तू वाजव. मी झांज धरतो."

"तू झांज धरणार? राधा झांज धरणार?"

"राधा आलीय ना मुंबईहून."

तो तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "तू लई लागट बोलतोस. पूर्वीपासून." आणि तंबाखूची चिमूट माझ्या हातावर ठेवून गेला.

पालखीच्या दिवशी सकाळी सुवर्णा नटून आली आणि सगळी वाडी बघतच राहिली. नऊवारी तिला साजत होती. नाकात नथ, केसात अबोलीचा वळेसर, तिचे स्वतःचे केस, गंगावन नव्हे. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. आणि मी शर्ट-पँटमध्ये झांज घेऊन मागच्या ओळीत उभा. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मला हात कुठे ठेवायचे ते कळेना, इतकी वर्षं त्या दिवशी माझ्या एका हातात पदर असायचा.

पारूकाकीचं खळं माणसांनी भरलं. स्पीकर सुरू झाला, कानठळ्या बसल्या. भिकाजीनं दोन थापा मारल्या, त्या त्यालासुद्धा ऐकू आल्या नसतील. पण सुवर्णा नाचली. काय नाचली! मुंबईचंच नाचली, खांदे नि कंबर, पण मध्येच एकदा थांबली, पदर कपाळाशी नेला आणि पाऊल सरकवत अर्धा फेरा घेतला. मी शिकवलेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या त्या कंबरेला, आणि म्हाताऱ्या पुढे सरकल्या त्या अर्ध्या फेऱ्याला. माझे डोळे भरून आले. राग होता की कौतुक होतं, मला आजही सांगता येत नाही.

मग स्पीकर बंद झाला. पारूकाकी सूप घेऊन पायऱ्या उतरली. काकी तेव्हा सत्तरीची, गोरी, ठेंगणी, काकांना ऐकू येत नाही म्हणून सगळ्या जगाशीच मोठ्यानं बोलणारी. ओटी भरताना मात्र तिचा आवाज खाली यायचा. तिनं सुवर्णाच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. कुंकू लावलं. मग दोन्ही तळवे तिच्या गालांना लावले आणि म्हणाली, तेच म्हणाली जे मला इतकी वर्षं म्हणत आली होती,

"आलीस गो बाय माहेराला? सुखात हायस ना?"

हेच ते. हेच मी वसंतला सांगू शकलो नव्हतो. वर्षभरात मला कुणी हात लावत नसे. कुणी विचारत नसे की धाकू, जेवलास का, बरा आहेस का. शिमग्यात मात्र घरोघरच्या बाया माझ्या गालांना हात लावून विचारायच्या, सुखात आहेस ना? आणि पदराआड मी मान हलवायचो. रीतच होती ती, मान हलवायची. विचारणारीला माहीत होतं, ही राधा म्हणजे धाकू पाष्टे आहे. तरी ती विचारायची. मला ते पुरायचं. पुढच्या शिमग्यापर्यंत पुरवून पुरवून वापरायचो मी ते.

सुवर्णानं पदर धरला होता. आता ती मान हलवेल म्हणून मी बघत होतो. तिनं काकीकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

भिकाजीचा हात मृदंगावर तसाच राहिला. राधा बोलली होती.

"अगं, मान हलव नुसती!" वसंत मागून दबक्या आवाजात ओरडला.

पण तिला ऐकूच येत नव्हतं. "नाही हो," ती पुन्हा म्हणाली, आणि रडायलाच लागली. "मला माहेर नाही. आई गेली. नाचते म्हणून बाबा दारात उभं करत नाहीत. दिवाळीला गेले तर आतून कडी घातली."

पारूकाकी क्षणभर गोंधळली. तिच्या सासूनं विचारलं होतं, आजेसासूनं विचारलं होतं, पण कुठल्याच राधेनं उत्तर दिलं नव्हतं. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"दार नाय तुला? मग हे माझं दार काय चित्रात काढलेलं हाय? चल आत."

"काकी, पालखी खोळंबलीय," वसंत म्हणाला. "अजून सगळी वाडी बाकी आहे."

"खोळंबू दे! देवाला काय एसटी पकडायचीय?"

आणि तिनं पोरीला मनगटाला धरून आत नेलं. आतून ताटाचा आवाज आला, पुरणपोळीचा वास आला. पालखीचे भोई खांदे बदलून दमले आणि शेवटी पालखी त्यांनी खळ्यातल्या पाटावर ठेवली. लोक इकडे तिकडे पांगले. कुणी म्हणालं, अपशकुन झाला. कुणी म्हणालं, बिचारी पोर. मी तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसलो, झांजा मांडीवर.

मला राग आला होता. कुणाचा, ते ऐका. माझाच. नाही म्हणता येतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. मान हलवायची म्हणजे हलवायची, सोनूदादांनी शिकवलं तसं. त्यांनाही कुणी नव्हतं घरी. आज लक्षात येतं.

थोड्या वेळानं काकी हात धुवायला बाहेर आली. न्हाणीपाशी वाकली, हात धुतले, पदराला पुसत वळली आणि मी दिसलो. ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"धाकू."

"काय काकी?"

"जेवते हाय पोर. भूक लागली हुती तिला." मग आवाज खाली आणून म्हणाली, ओटी भरताना आणायची तसा, "इतकी वर्सं तू मान हलवायचास."

"हं."

"खरी हलवायचास ना रं?"

समोर पदर नव्हता. जवळ कुणी ऐकायला नव्हतं. भिकाजी लांब विडी ओढत होता, वसंत फोनवर होता. काकी माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिचा ओला हात माझ्या खांद्याजवळ येऊन थांबला होता. बाप्याच्या गालाला हात कसा लावायचा, ते तिला कळत नसावं. एक शब्द होता फक्त. त्या पोरीनं आत्ताच, सगळ्यांच्या देखत उच्चारलेला. जिभेवर आला होता हो माझ्याही.

मी मान हलवली.

काकीनं हात मागे घेतला. "बरं," म्हणाली, आणि आत गेली.

सुवर्णा पुढची दोन-तीन वर्षं येत राहिली. पालखीच्या आदल्या दिवशीच यायची, काकीकडे राहायची, काकीच्या हाताखाली पोळ्या लाटायची. काकी आजारी पडली तेव्हा मुंबईहून धावत आली होती. काकी गेली, मग तिचं येणं थांबलं. लग्न झालं म्हणतात तिचं, बदलापूरला असते. बरं झालं.

आता खेळे घरोघर फिरत नाहीत. शाळेच्या मैदानात स्टेज असतं, लाइट असतात. राधा एक नसते, आठ-दहा मुली असतात, सगळ्या एकसारख्या साड्यांत, सगळ्यांचा पाय एकाच वेळी वर. आमच्यात संकासुर व्हायचा त्याची नात त्यात पुढे असते. मागच्या वर्षी ती मला म्हणाली, "तात्या, त्या सुवर्णाताई आठवतात? किती जुन्या स्टाइलनं नाचायच्या ना?" मी म्हटलं, "हो गं बाई, फारच जुन्या." गंमत वाटली. कधीतरी हिलाही कुणी म्हणेल.

त्याच कार्यक्रमात मंडळानं माझा सत्कार केला. जुना कलावंत म्हणून. वसंतच अध्यक्ष, केस पिकलेत त्याचे. त्यानं माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या तोंडापुढे माइक धरला.

"तात्या, दोन शब्द बोला."

दोन कशाला, मला एकच बोलायचा होता. इतकी वर्षं तयार ठेवलेला. पण तो कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

मी मान हलवली, नारळ शालीच्या टोकात धरला आणि खुर्चीवर जाऊन बसलो.